तीनशेचा साडेचारशे

आमच्या घरात आलेल्या पहिल्या कॉम्प्युटरची एक गोष्ट नातेवाइकांत नेहमी सांगितली जाते. ती अशी की दादाने तीनशे मेगाहर्ट्झचा प्रोसेसर वर्षानुवर्षं साडेचारशेवर पळवला, तो अगदी फुकटात पळवला आणि त्या वेगाच्या जोरावर वहिनीचं डीटीपीचं काम उभं राहिलं. बारशाला, साखरपुड्याला, दादाच्या निरोप समारंभाला ही गोष्ट सांगून झाली आहे. तिच्यात तीन विधानं आहेत आणि तिन्ही चुकीची आहेत. बातमीच्या टेबलावर अशी कॉपी माझ्यासमोर आली असती तर मी ती वार्ताहराला परत केली असती. घरातली असल्यामुळे ती विनादुरुस्ती चालत राहिली. ही दुरुस्ती उशिरा येते आहे, पण येते आहे.

आम्ही अंबरनाथ पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. बाबा एका रसायन कारखान्यात उत्पादन अधिकारी होते. हॉलच्या दोन्ही खिडक्या कारखान्यांच्या दिशेला होत्या आणि जागा घेताना बाबांना ते सोयीचं वाटलं होतं, कारण घरबसल्या आपली चिमणी दिसते. संध्याकाळी, वारा पडला की, वास सुटे. तळमजल्यावरच्या काकू सगळ्यात आधी ओरडत, "वास सुटला गं!" आणि मग खालपासून वरपर्यंत खिडक्या लावल्याचे आवाज येत, एकामागून एक, जणू कोणी जिन्यावरून डबे गडगडत सोडले आहेत. आमच्या घरात त्याचा एक क्रम ठरलेला होता. आई देवातलं चांदीचं निरांजन उचलून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवी, कारण बाहेर राहिलं तर चांदी काळी पडे. मी खिडक्या लावी. बाबा, खिडकी पूर्ण लागायच्या आत, नाक पुढे करून हुंगत आणि निर्णय देत, "आपला नाही. हा गंधकवाल्यांचा." इतक्या वर्षांत तो एकदाही त्यांच्या कारखान्याचा निघाला नाही. समोरच्या बिल्डिंगमध्ये गंधकवाल्यांचे एक अधिकारी राहत. त्यांच्या घरी काय निर्णय होत असे याची मला कल्पना आहे.

आईला दमा होता. त्यामुळे वास सुटला की तिचं बोलणं कमी होई आणि हात चालू राहत. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून ती जमिनीवर बसे आणि एकेक सोलून पातेल्यात टाके. सोललेला वाल पातेल्याच्या कडेला लागून टप् असा आवाज करी. त्या बंद घरात टप्, टप्, मध्येच कुकरची शिट्टी आणि आईच्या छातीतली बारीक शीळ, असे आवाज मला अजून वेगवेगळे ओळखता येतात. शीळ वाढली की ती पंप तोंडाला लावून एक झुरका घेई आणि पुन्हा वाल सोलू लागे. बिरडं मात्र ती असं करी की तसं मी नंतर कुठेच खाल्लं नाही.

वहिनी लग्नाआधी उल्हासनगरच्या एका छापखान्यात मराठी कंपोजिंग करत होती. लग्नानंतर ते बंद झालं. कोणी बंद करायला सांगितलं नाही. फक्त रोज सकाळी तिची निघायची वेळ आणि दादाच्या डब्याची वेळ एकच आहे हे सगळ्यांच्या लक्षात येत गेलं. दोन वर्षांनी छापखान्याच्या शेठने निरोप पाठवला. एका शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका छापायची होती, मराठी चांगलं लावणारं माणूस मिळत नव्हतं. वहिनीने घरी बसून पानं लावून फ्लॉपीवर आणून दिली आणि काम वेळेत झालं, तर पुढचं सगळं मराठी काम तिलाच, असं शेठ म्हणाला. कॉम्प्युटर घरात आला तो यासाठी. बाबांनी फंडातून पैसे काढले आणि त्याच वेळी हेही सांगून टाकलं की स्मरणिकेपुरतं बघू. पुढे काम आलं नाही तर श्रीकांत त्याच्यावर क्लास सुरू करेल. श्रीकांत म्हणजे दादा. वहिनीने मान हलवली. तिच्यापुरता विषय स्पष्ट होता: स्मरणिका वेळेत गेली तर मशीन तिचं, नाही तर दादाच्या विद्यार्थ्यांचं.

दादा बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्स सुपरवायझर होता. कोणतंही यंत्र त्याच्या पाटीवरच्या आकड्याइतकं चालवणं हा त्याला स्वतःचा अपमान वाटे. आमच्या मिक्सरला त्याने एकदा जादा वेग दिला होता. त्यानंतर आईने पाटावरवंटा पुन्हा बाहेर काढला. कॉम्प्युटर जोडून देणारा हरेश उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधला. गल्लीच्या तोंडाशी त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान आणि त्याच दुकानाच्या माळ्यावर हरेशचं कॉम्प्युटरचं. एका रविवारी सकाळी तो घरी आला, बरोबर आईसाठी डब्यात दाल-पकवान घेऊन. पकवान मोडायचा कडक आवाज आणि डाळीवरच्या कच्च्या कांद्याचा वास घरभर असताना त्याने कॅबिनेटचं झाकण काढलं.

"श्रीकांतभाई, यह तीनसौवाला आहे ना, हा खरा साडेचारसौचा भाऊ आहे. कंपनीने फक्त नाव तीनसौ ठेवलं. बोर्डाची स्पीड इथे सहासष्ट आहे, तिथे शंभर करायचं, प्रोसेसर आपोआप त्याच पटीत पळतो. बस, दीडपट."

"आणि पैसे?" बाबांनी विचारलं.

"पैसे कसले अंकल! फुकट. अपनी चीज, अपनी स्पीड."

"गॅरंटी?" वहिनीने विचारलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

हरेशने डाळीचा घास संपवला. "भाभी, गॅरंटी तीनसौची आहे. साडेचारसौची मी कशी देणार? मी काय कंपनी आहे?"

दादा हसला. "अगं, तुझंच काम लवकर होईल. तू नुसतं बघ."

"माझं काम टायपिंगचं आहे," वहिनी म्हणाली. "माझी बोटं तीनशेची आहेत."

यावर सगळे पुरुष हसले. विनोद म्हणून. ते विधान होतं, आणि त्या रविवारी त्या खोलीत बोललं गेलेलं एकमेव तांत्रिकदृष्ट्या बरोबर विधान होतं.

मशीन साडेचारशेवर चालू झालं. सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात आकडा येई, त्यात 450 पाहून दादाने ते तीनदा बंद करून तीनदा चालू केलं. पुढे पाहुणे आले की तो कार्यक्रमच झाला. चहा येईपर्यंत मशीन बंद करायचं, पुन्हा चालू करायचं, आकडा दाखवायचा, तो दोन क्षणांत निघून जाई म्हणून "दिसला का?" असं विचारायचं आणि दिसला नाही म्हटलं की पुन्हा बंद करायचं. वेग मोजायचं एक सॉफ्टवेअर हरेशने फ्लॉपीवर दिलं होतं. ते चालवलं की पडद्यावर रंगीत पट्ट्या वाढत. आमची पट्टी इतरांच्या वर जाई. मशीन सर्वाधिक वेगाने जे काम करत होतं ते स्वतःचा वेग मोजण्याचं होतं. उरलेल्या वेळात ते वहिनीच्या पुढच्या अक्षराची वाट पाहत बसे. पूर्वी जितकी वाट पाहत असे त्याहून दीडपट उतावीळपणे, असं फार तर म्हणता येईल. पानांची छपाई तर घरी नव्हतीच. ती छापखान्यात बटर पेपरवर निघे आणि तिथला प्रिंटर त्याच्याच चालीने चाले. पुढे मी ज्या वृत्तपत्रात नोकरी केली तिथे दर काही वर्षांनी नवी, वेगवान यंत्रं येत. पहिल्या पानाची वेळ मात्र नेहमी संपादकांच्या जेवणामुळेच चुकली.

फुकट म्हणून मिळालेला हा वेग हप्त्याहप्त्याने किंमत सांगू लागला. प्रोसेसर तापू लागला म्हणून मोठा पंखा आला, तो हरेशकडूनच. पंख्याला वीज पुरेना म्हणून नवा पॉवर सप्लाय आला, तोही हरेशकडूनच. मग मेमरी या वेगाला झेपत नाही असं निघालं. जुनी हरेशने परत घेतली, उपकार केल्यासारखी. पंख्याखाली लावायचा पांढरा लेप एका इवल्याशा नळीत आला. वहिनीने तो चुना समजून बाजूला ठेवला आणि बाबा जेवणानंतर तो पानाला लावता लावता राहिले. प्रत्येक वस्तूबरोबर हरेश म्हणे, "बस, यह लास्ट." मी त्याला दोष देत नाही. तो दुकानदार होता आणि त्याच्या समोर फुकट वस्तू घ्यायला आलेलं गिऱ्हाईक होतं, म्हणजे सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक.

एवढं करूनही झाकण लावलं की थोड्या वेळाने मशीन अडके. पडदा जागच्या जागी थिजे, कर्सर मधेच उभा राही आणि सेव्ह न केलेलं पान जाई. शेवटी दादाने झाकण कायमचं काढून माळ्यावर टाकलं, कॅबिनेट खिडकीशी आणलं आणि बाजूला टेबल फॅन लावला. खिडकीतून हवा, हवेवर फॅन, फॅनपुढे उघडा प्रोसेसर. ही व्यवस्था त्याने कारखान्यातल्या कुलिंगच्या हिशेबाने केली आणि बाबांनी ती पाहून "योग्य" असा शेरा दिला. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की ही तीच खिडकी आहे जी हे घर रोज संध्याकाळी धावत जाऊन लावतं, आणि आत येणारी हवा ही तीच हवा आहे जिच्यापासून निरांजन डब्यात लपवलं जातं. एक जण रसायनं बनवणाऱ्या कारखान्यात अधिकारी, दुसरा यंत्रं दुरुस्त करणारा. महिन्याभरात मशीन सुरूच होईना. हरेशने मेमरीची पट्टी उपसून काढली, तर तिचे पितळी दात निरांजनासारखेच काळवंडले होते. त्याने वहिनीच्या कंपासमधलं खोडरबर मागून ते घासून स्वच्छ केले.

"हे अंबरनाथच्या हवेचं आहे," तो म्हणाला. "इसमें मेरा कुछ नहीं."

"आपल्या कंपनीचा नाही," बाबा लगेच म्हणाले.

तरीही वेग उतरवायचा विचार कोणी केला नाही. उतरवणं म्हणजे हरणं होतं. त्याऐवजी घराचा क्रम बदलण्यात आला. "वास सुटला गं!" अशी हाक आली की इतर खिडक्या लागत आणि कॉम्प्युटरची खिडकी उघडी राही. आईने वालाचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरात जायचं, दार लावून घ्यायचं आणि दाराच्या फटीला ओला टॉवेल लावायचा. हे दादाने जेवताना, भातावर वरण ओढून घेत, अगदी सहज सांगितलं. "तासाभराचा तर प्रश्न आहे, आई." आई "बरं" म्हणाली. ती सगळ्यालाच बरं म्हणत असे, म्हणून त्या शब्दाचा अर्थ काय हे आम्ही कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या घरातली सगळ्यात मोकळी हवा एका चौकोनी तुकड्याला मिळू लागली आणि दम्याची बाई स्वयंपाकघरात बंद झाली. घरात भांडण झालं नाही. कोणी आवाजसुद्धा चढवला नाही. मी पुढे अनेक मोठ्या मूर्खपणांच्या बातम्या लावल्या, त्यातले बहुतेक असेच जेवताना, सहज ठरलेले होते.

स्मरणिका दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची होती ती संध्याकाळ. दादा दुसऱ्या पाळीला बदलापूरला होता. वहिनी शेवटची पानं लावत होती, माजी विद्यार्थ्यांचे फोटो आणि त्यांखालची नावं, आणि मी शेजारी बसून प्रूफ वाचत होते. हाक आली. खिडक्या लागल्या. आई आत गेली, टॉवेल लागला. त्या दिवशीचा वास नेहमीपेक्षा उग्र होता. डोळ्यांत पाणी येऊन मला अक्षरं दिसेनाशी झाली. दारामागून टप्, टप् ऐकू येत होतं. मग ते थांबलं. वहिनीची बोटंही थांबली. तिने उठून स्वयंपाकघराचं दार उघडलं. आई ओट्याला टेकून बसली होती, पदर तोंडावर, खांदे वर-खाली होत होते आणि पंप हातात होता, पण तो तोंडापर्यंत नेण्याइतकी तिला उसंत मिळत नव्हती.

वहिनीने आधी तिला पंप दिला, मग हॉलमध्ये येऊन ती खिडकी लावली. काही मिनिटांत पडदा थिजला. सेव्ह न केलेलं पान गेलं. तिने ते गेलेलं पाहिलं आणि फोन उचलला. घरात फोन येऊन फार दिवस झाले नव्हते. तो बाबांच्या खुर्चीशेजारी असे.

"कोणाला लावतेस?" बाबांनी विचारलं.

"हरेशभाईंना. हा वेग खाली आणायचाय."

"श्रीकांत येऊ दे. त्याने केलंय ते. त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

"बाबा," वहिनी नंबर फिरवता फिरवता म्हणाली, "तुमच्या प्लांटमध्ये प्रेशर वाढलं तर तुम्ही पाळी बदलायची वाट बघता का?"

बाबा उठले आणि आईजवळ जाऊन बसले. लग्न झाल्यापासून वहिनी त्यांच्याशी इतकं मोठं वाक्य पहिल्यांदा बोलली होती.

हरेशचा आवाज फोनमधून मलाही ऐकू येत होता. "भाभी, बंद करून चालू करा, डिलीट दाबून ठेवा. निळा पडदा आला? शंभर दिसतं? तिथे परत सहासष्ट करा. सेव्ह. बस."

"बस? एवढंच?"

"एवढंच. कंपनीचा माल कंपनीच्या स्पीडवर."

"ह्यांना कळेल का?"

पलीकडे तो हसला. "श्रीकांतभाईंना? ते आकडा बघतात भाभी, काम थोडीच बघतात. आणि मी सांगणार नाही. मला अजून पंखे विकायचेत."

मशीन पुन्हा चालू झालं. काळ्या पडद्यावर 300 आलं आणि गेलं. माळ्यावरचं झाकण मी काढून दिलं, वहिनीने ते लावलं. खिडकी बंद राहिली, मशीन चालत राहिलं. आई थोड्या वेळाने बाहेर येऊन पलंगावर टेकली, वालाचं पातेलं तिने बरोबर आणलं होतं. गेलेलं पान वहिनीने पुन्हा लावलं. तीनशेच्या वेगाने ते किती हळू झालं हे मी लक्ष देऊन पाहिलं. अजिबात हळू झालं नाही. दादा पाळीवरून येण्याच्या आत फ्लॉपी तिच्या पर्समध्ये होती, आणि सकाळी ती शेठकडे पोचली.

शेठने शब्द पाळला. मग काम इतकं आलं की मशीन सकाळी सगळे उठायच्या आत चालू होई आणि दिवसभर बंदच होत नसे. पाहुणे आले की दादाचा हात सवयीने बटणाकडे जाई आणि वहिनी कीबोर्डवरून नजर न उचलता म्हणे, "फाइल उघडी आहे, हात लावू नका." ती खरंच उघडी असे. त्यामुळे आकडा दाखवायचा कार्यक्रम बंद झाला. त्याची जागा आकडा सांगण्याने घेतली. झाकण लावलेलं आहे आणि खिडकी बंद असूनही मशीन अडकत नाही, हे दादाच्या लक्षात यायला काही दिवस लागले. लक्षात आल्यावर त्याने त्याचं कारणही शोधलं.

"रुळला," तो म्हणाला. "सुरुवातीला तापायचाच. आता साडेचारशेची सवय झाली त्याला."

"आमच्या प्लांटमधल्या पंपाचंही तसंच असतं," बाबा म्हणाले. वेग उतरवला त्या संध्याकाळी ते घरातच होते आणि त्यांनी सगळं पाहिलं होतं. हे वाक्य त्यांनी मुलाची बाजू राखायला उच्चारलं की सुनेची, हे मला आजही ठरवता येत नाही. आई वाल सोलत होती, हॉलमध्ये, पंख्याखाली.

काही वर्षांनी वहिनीने स्वतःच्या कमाईतून नवं मशीन घेतलं आणि जुनं बदल्यात द्यायचं ठरलं. हरेश आला. आता त्याचं पोट सुटलं होतं आणि दुकान माळ्यावरून खाली उतरलं होतं. दाल-पकवान त्याने या वेळीही आणलं. चालू करून बघतो म्हणाला. दादा पडद्याकडे पाठ करून, त्याच्याकडे तोंड करून उभा राहिला आणि सांगू लागला, की हाच तो, याच खोलीत, तीनशेचा साडेचारशे केला, एक पैसा न देता, आणि इतकी वर्षं एकदाही कुरकुर नाही. त्याच्या पाठीमागे पडदा काळा झाला आणि आकडा आला. हरेशने तो वाचला. मग त्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनी त्याला पकवान वाढत होती.

"बरोबर, श्रीकांतभाई," हरेश म्हणाला. "साडेचारसौ. एकदम फर्स्ट क्लास चलाया."

आणि त्याने तीनशेच्या मशीनचा भाव दिला. दादा आजही गोष्टीच्या शेवटी सांगतो की त्या व्यवहारात हरेशने त्याला फसवलं.